कात्रज–स्वारगेट–हडपसर: देशातल्या पहिल्या बीआरटीचं नेमकं कुठं चुकलं

पुण्यात बीआरटी (बस रॅपिड ट्रान्झिट, म्हणजे बससाठी वेगळी लेन राखून चालवलेली वेगवान सेवा) हा शब्द काढला की समोरचा माणूस एक तर वैतागतो नाहीतर लगेच निकाल देऊन मोकळा होतो, "ती फसली, आपल्याकडं चालतच नाही असलं काही". मला हा निकाल पटत नाही. सातारा रस्त्यावरच्या त्या पहिल्या प्रयोगात काय ठरलं होतं, काय ठरलंच नव्हतं आणि ज्या गोष्टी ठरल्या नव्हत्या त्यांची किंमत कोणी मोजली, हे एकदा सगळं सलग लिहून काढायचं होतं. रस्त्याचे निर्णय गावोगावी याच पद्धतीनं होतात, त्यामुळं पुण्याबाहेरच्यांनीही वाचायला हरकत नाही.

आधी काळ बघा. शहरांच्या कामांना पैसे देणारी केंद्राची जेएनएनयूआरएम योजना आली डिसेंबर २००५ मध्ये. पुण्याच्या आकाराच्या शहराला त्यात केंद्र ५० टक्के, राज्य २० टक्के देणार आणि महापालिकेनं स्वतःचे ३० टक्के घालायचे. एवढे पैसे रस्त्यासाठी एकरकमी मिळायची संधी कुठली महापालिका सोडेल. त्यात एप्रिल २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आलं, त्याचा गाभा एका ओळीचा, की वाहनं हलवायची नाहीत, माणसं हलवायची आहेत. रस्त्याची जागा माणसांच्या हिशेबानं वाटा, गाड्यांच्या नाही. पुण्यानं बीआरटीचा प्रस्ताव केला, तो मंजूर झाला आणि डिसेंबर २००६ मध्ये सातारा रस्त्यावर बसलेन सुरू पण झाली. म्हणजे योजना जाहीर झाल्यापासून बस लेनमध्ये धावेपर्यंत पुरतं एक वर्ष. आणि फेब्रुवारी २००७ मध्ये महापालिकेची निवडणूक.

या तारखा मुद्दाम दिल्या, कारण पुढचं बरंचसं त्यांच्यातच आहे.

पायलट मार्ग होता कात्रज ते स्वारगेट ते हडपसर, साधारण साडेसोळा किलोमीटर. देशातली पहिली बीआरटी. मार्गाची निवड कागदावर चुकीची नव्हती हे आधी म्हणायला पाहिजे. कात्रज, धनकवडी, बालाजीनगर, पद्मावती हा सगळा पट्टा तेव्हा झपाट्यानं भरत होता, भारती विद्यापीठाची पोरं, मार्केट यार्डात जाणारे लोक, स्वारगेटला एसटी पकडणारे, आणि पलीकडं सोलापूर रस्त्यानं हडपसर-मगरपट्ट्याची गर्दी. म्हणजे बसला माणसं शोधत फिरायची गरज नव्हती, माणसं उभीच होती. मी स्वतः त्या रस्त्यानं जायचो आणि एक आठवण पक्की आहे, की बस लेनमध्ये शिरली आणि पुढं मोकळं असलं की डावीकडं तुंबलेल्या गाड्या मागं पडताना दिसायच्या आणि बसमध्ये उभ्या असलेल्या माणसालाही बरं वाटायचं, की चला, आपल्यासाठी पण कोणीतरी रस्ता ठेवलाय.

पण लेन सलग नव्हती ना. सगळ्यात जास्त तुंबतं तिथंच ती गायब व्हायची. स्वारगेटचा जेधे चौक घ्या, लक्ष्मीनारायण टॉकीजपर्यंत बस आली की पुढं ती बाकीच्या गर्दीत. पलीकडं शंकरशेठ रस्ता, गोळीबार मैदान, पूलगेट, हा भाग कॅन्टोन्मेंटच्या आणि लष्कराच्या जागेतून जातो, तिथं महापालिकेचा शब्द एकटा चालत नाही, त्यामुळं तिथंही तुटकच. आता बीआरटीतल्या "बस रॅपिड"चा सगळा फायदा कशात असतो, तर तुंबलेल्या चौकातून बस आधी बाहेर काढण्यात. मोकळ्या पट्ट्यात तर बस तशीही पळतेच. म्हणजे जिथं गरज कमी तिथं लेन दिली आणि जिथं गरज जास्त तिथं "पुढं बघू".

हिशेब मांडून बघतो, आकडे समजण्यापुरते धरलेत. कात्रज–स्वारगेट साधारण साडेपाच किलोमीटर. बस ताशी १२ च्या वेगानं गेली तर जवळपास २८ मिनिटं, ताशी २० नं गेली तर १७. वाचली ११ मिनिटं. पण बस दहा मिनिटं उशिरा आली, किंवा थांब्यापर्यंत रस्ता ओलांडायला तीन-चार मिनिटं गेली, की ती अकरा मिनिटं आली तशी गेली, प्रवाशाच्या हातात काही राहत नाही. म्हणून लेन हा बीआरटीचा फक्त एक तुकडा आहे. बसची संख्या, थांबा, तिकीट, ओलांडायची जागा, सिग्नल, हे सगळं एका दमात ठरलं तरच ती ११ मिनिटं माणसाच्या खिशात पडतात.

"रिकामी लेन" हे भांडण

सगळ्यात जास्त संताप या गोष्टीचा होता. टू-व्हीलरवाला सिग्नलला घामाघूम उभा आणि शेजारी अख्खी लेन मोकळी. त्याला राग येणार, माणूसच आहे तो. पण यातलं गणित कोणी नीट सांगितलंच नाही लोकांना.

समजा एका लेनमधून तासाला ८०० कार जातात, एका कारमध्ये सरासरी दीड माणूस, झाली १२०० माणसं. आता तीच लेन बसला दिली आणि दर तीन मिनिटांनी एक बस, ६० माणसांची, तर तासाला २० बस म्हणजे तीच १२०० माणसं. बरोबरी. दर मिनिटाला बस सोडली तर ३६०० माणसं, म्हणजे तिप्पट. आणि गंमत नाही, खरं सांगतो, दर मिनिटाला बस असली तरी ताशी २० च्या वेगानं दोन बसमध्ये ३३० मीटरचं अंतर राहतं, म्हणजे लेन तिप्पट माणसं वाहत असतानाही बघणाऱ्याला रिकामीच दिसणार! लेन भरलेली दिसली तर ती फेल झाली असं समजायचं, उलट हिशेब आहे हा.

पण याची दुसरी बाजू पण तितकीच खरी आहे. दर तीन मिनिटांना एक याहून कमी बस सोडल्या तर टू-व्हीलरवाल्याचा राग हिशेबानंही बरोबर ठरतो. आणि लेन सुरू झाली तेव्हा बस कोण चालवत होतं, तर पीएमटी, म्हणजे पुण्याची जुनी बससेवा, जुन्या ट्रकच्या चॅसीवर बांधलेल्या उंच पायऱ्यांच्या बस घेऊन. पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र होऊन पीएमपीएमएल ही कंपनी झाली २००७ मध्ये, म्हणजे लेन आधी आणि ती वापरणारी कंपनी नंतर. बसचे स्पेसिफिकेशन केंद्रानं ठरवले २००८ मध्ये. रस्त्याचं टेंडर निघू शकतं, काँक्रीट ओतता येतं, नारळ फोडता येतो, फोटो निघतात. बस वाढवायच्या तर दरवर्षी तोटा भरून द्यायची तयारी लागते, ड्रायव्हर लागतात, डेपो लागतात, त्याला नारळ कोणी फोडत नाही.

लेनमध्ये घुसणाऱ्या टू-व्हीलर अडवायला मग वॉर्डन उभे केले. वॉर्डनला पावती फाडायचा अधिकार नाही, तो पोलिसांचा. पोलीस राज्याच्या गृहखात्याचे, रस्ता महापालिकेचा, बस वेगळ्या कंपनीची. तिघांच्या वर बसून "हे असं चालणार" म्हणणारं कोणी नव्हतं. वॉर्डन बिचारा शिट्टी मारून मारून थकायचा आणि बाजूनं लोक निघून जायचे.

थांबा मध्यभागी, माणूस कडेला

मला सगळ्यात जास्त लागतं ते इथं. बीआरटीचा थांबा रस्त्याच्या मधल्या भागात असतो, म्हणजे प्रत्येक प्रवाशाला, प्रत्येक वेळी, जाताना आणि येताना, धावत्या गाड्यांमधून रस्ता ओलांडावाच लागतो. जुन्या पद्धतीत कडेच्या थांब्यावर निदान एका दिशेला तरी ओलांडायची गरज नसायची. म्हणून बीआरटी ठरवली की ओलांडण्याची जागा हा पहिला प्रश्न झाला पाहिजे, तो इथं शेवटचा झाला. कुठं पट्टे आहेत पण सिग्नल नाही, कुठं सिग्नल आहे पण पायी चालणाऱ्याचा वेगळा टप्पा नाही, कुठं थांबा चौकापासून लांब, मग लोक रेलिंगच्या फटीतून जाणार, जाणारच. त्यात बसलेनमधून बस वेगानं येते आणि माणूस सवयीनं फक्त गाड्यांच्या लेनकडं बघत असतो. अपघात झाले, माणसं गेली, आणि शहराच्या तोंडी मग "किलर कॉरिडॉर" असली भाषा आली.

सिग्नलच्या हिशेबात माणसाच्या चालण्याचा वेग सेकंदाला साधारण १.२ मीटर धरतात. ३० मीटर रस्ता असेल तर २५ सेकंद. पण गुडघे दुखणारी आजी सेकंदाला ०.८ नं चालली तर तिला ३७-३८ सेकंद लागतात. म्हणजे पंचवीस सेकंदांचा हिरवा मिळाला तरी ती शेवटच्या लेनमध्ये असताना गाड्या सुटतात. पद्मावतीच्या किंवा धनकवडीच्या थांब्यावर भाजीची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बायका बघितल्या असतील तर या बारा सेकंदांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आणि स्टँडर्ड काय म्हणत होतं? तर तेव्हा भारतात बीआरटीचं स्टँडर्डच नव्हतं. इंडियन रोड्स काँग्रेसचा बीआरटीच्या डिझाइनचा आयआरसी १२४ आला २०१७ मध्ये. पुण्याची लेन सुरू झाल्यावर अकरा वर्षांनी! पायी चालणाऱ्यांसाठीचा आयआरसी १०३ मात्र १९८८ पासून होता, २०१२ मध्ये तो सुधारला, त्यात फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर सलग मोकळी जागा आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको असं लिहिलंय. म्हणजे बसलेनचा नियम नव्हता हे कारण समजू शकतो, पण माणसाला चालायला जागा पाहिजे हे तर आधीपासून कागदावर होतं. हे नियम सल्ल्यासारखे असतात ही आपल्याकडची मोठी अडचण, स्थायी समिती खर्च मंजूर करते तेव्हा "हे काम कुठल्या स्टँडर्डप्रमाणं आहे आणि पूर्ण झाल्यावर कोण तपासणार" असा प्रश्न इस्टिमेटमध्ये येतच नाही. 'परिसर'सारख्या वाहतुकीवर काम करणाऱ्या संस्था तर बीआरटीच्या बाजूच्या होत्या, त्यांनीच पायलटवर बोट ठेवलं की फुटपाथ, ओलांडण्याच्या जागा अर्धवट ठेवून लेन सुरू करू नका. बाजूचा माणूस चूक दाखवतो तेव्हा ऐकायला पाहिजे होतं.

आता चौकातलं एक बारीक पण महत्त्वाचं. बसलेन मध्ये आणि बाकीच्या गाड्या तिच्या डावीकडं, मग ज्या कारला उजवीकडं वळायचंय ती सरळ जाणाऱ्या बसला आडवी येते. म्हणजे दोघांना एकाच वेळी हिरवा देता येत नाही, सिग्नलचा एक टप्पा वाढतो, सगळ्यांचा थांबण्याचा वेळ वाढतो. यावर उपाय आहेत, उजवं वळण बंद करून पुढं यू-टर्न द्या, किंवा चौकाआधी लेन अदलाबदल करा, पण प्रत्येक उपायाला दुकानदार, सोसायट्या, रिक्षा स्टँड यांच्याशी आधी बसून बोलावं लागतं. वर्षभरात मंजुरी, बांधकाम आणि उद्घाटन उरकायचं असेल तर हे बोलणं होणार कधी.

मग निवडणूक झाली. फेब्रुवारी २००७ नंतर राष्ट्रवादी, शिवसेना आणि भाजप एकत्र येऊन महापालिकेत सत्तेत बसले, तोच तो "पुणे पॅटर्न", आणि काँग्रेस बाहेर गेली. ज्यांच्या काळात बीआरटी सुरू झाली ते आता विरोधात. नव्यांनी ती मनापासून आपली का मानावी? मोडली तर केंद्राच्या पैशाचा प्रश्न, पूर्ण केली तर श्रेय दुसऱ्याला. मग ती तशीच लटकत ठेवली गेली असं माझं स्पष्ट मत आहे. लटकलेल्या रस्त्यावर पुढं उड्डाणपूल, भुयारी मार्ग, थांबे तोडा, परत बांधा, असं चालूच राहिलं.

अहमदाबादचं उदाहरण सगळे देतात, मी पण देतो, पण एका वेगळ्या कारणानं. त्यांनाही जेएनएनयूआरएमचेच पैसे होते. पण त्यांची बीआरटी, जनमार्ग, लोकांसाठी सुरू झाली ऑक्टोबर २००९ मध्ये, साधारण साडेबारा किलोमीटरचा पहिला टप्पा. सेप्ट विद्यापीठाकडं डिझाइन, चालवायला वेगळी कंपनी, फलाट बसच्या दाराच्या उंचीला, आणि सुरुवात मुद्दाम रुंद, कमी भांडणाच्या रस्त्यावरून. लोकांना आधी ट्रायल दाखवली. म्हणजे आपल्यापेक्षा तीन वर्ष उशिरा आले, पण तयारी करून आले. दिल्लीनं आंबेडकर नगर ते मूलचंद ५.८ किलोमीटर २००८ मध्ये सुरू केली, कारवाल्यांचा प्रचंड विरोध, उच्च न्यायालयानं २०१२ मध्ये ती बंद करायची याचिका फेटाळली तरी शेवटी २०१६ मध्ये सरकारनंच तोडली.

पुणं मात्र शिकलं, हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. २०१५ मध्ये रेनबो नावानं संगमवाडी–विश्रांतवाडी आणि पिंपरी-चिंचवडमध्ये सांगवी–किवळे सुरू झाली, २०१६ मध्ये नगर रस्ता. फलाट लेव्हलला, बंदिस्त थांबे, ड्रायव्हरना ट्रेनिंग, चालू करायच्या आधी चाचण्या. पिंपरी-चिंचवडला तर रस्तेच मुळात रुंद राखले होते, जुना मुंबई रस्ता ६१ मीटरचा, तिथं दापोडी–निगडी मार्ग सुरक्षेच्या मुद्द्यावर उच्च न्यायालयात गेला, आयआयटी मुंबईकडून तपासणी झाली आणि मग २०१८ मध्ये बस धावली. कोर्टात जावं लागलं हे वाईट, पण सुरू करण्याआधी बाहेरच्या माणसानं तपासलं, हीच गोष्ट २००६ मध्ये सातारा रस्त्यावर व्हायला हवी होती.

आणि तरी नगर रस्त्यावरची बीआरटी २०२३ पासून टप्प्याटप्प्यानं काढली. कारण दिलं कोंडीचं. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली होती, तेव्हा प्रशासक होते, म्हणजे लेन काढायचा निर्णय झाला तेव्हा सभागृहात प्रश्न विचारायला एकही नगरसेवक नव्हता. लेन देताना घाई निवडणुकीची आणि काढताना निवडणूकच नाही. पुण्यात २०१८ मध्येच नोंदलेल्या गाड्यांचा आकडा ३६ लाखांवर जाऊन लोकसंख्येच्या पुढं गेला होता. बसची लेन काढून मिळालेली साडेतीन मीटर जागा अशा शहरात किती दिवस मोकळी राहणार, सांगा तुम्हीच.

पीएमपीएमएलच्या बाजूनं पण एक बोलतो. तिथं अध्यक्ष टिकतच नाही. तुकाराम मुंढे मार्च २०१७ मध्ये आले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये गेले, वर्ष पण नाही. तुम्हाला ते आवडोत न आवडोत, पण बसचं वेळापत्रक, खरेदी, लेनची शिस्त या गोष्टी अकरा महिन्यांत बसत नाहीत कुणाच्याच.

आता परत सातारा रस्ता. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत आली, जमिनीखालून. त्याच्या महिनाभर आधी केंद्रीय मंत्रिमंडळानं स्वारगेट–कात्रज भुयारी मेट्रो मंजूर केली, ५.४६ किलोमीटर, २,९५४ कोटी ५३ लाख रुपये. तोच पट्टा, ज्याच्यावर २००६ मध्ये लेन आखली होती. मेट्रो येऊ दे, मी विरोधात नाही, कात्रजच्या माणसानं वीस वर्ष खूप सोसलंय. पण मंजुरीत या सगळ्या अंतरासाठी स्टेशनं होती तीन. म्हणजे मधल्या वस्त्यांमधली माणसं स्टेशनापर्यंत जायला वरच्या रस्त्यावर बसच धरणार, रस्ता ओलांडून. म्हणून प्रत्येक स्टेशनाच्या तोंडाशी फुटपाथ किती मीटर, ओलांडायला सिग्नल किती सेकंदांचा, बसथांबा किती पावलांवर, हे तीन आकडे वॉर्ड ऑफिसात आत्ताच मागून घ्यायचं आम्ही काही जणांनी ठरवलंय, खोदाईचं बॅरिकेडिंग उभं राहायच्या आधी.